दोनशे तेरा बायांचं एक मत

कुंभोशी नगरपंचायतीत गेली दोन वर्षं सगळे निर्णय शहाणपणाचे होतायत, असं उज्ज्वला मगदूमचं स्वच्छ मत होतं. शाळेजवळचं दारूचं दुकान उठावं असं तिला वाटत होतं, ते उठलं. पाणीपट्टी वापराप्रमाणे असावी असं तिला वाटत होतं, तशी ती झाली. एसटी स्टँडवर बायांसाठी स्वच्छतागृह हवं होतं, ते तर झालंच, पण त्याची चावी शिपायाच्या खिशात राहू नये ही तिच्या मनातली बारीकशी अटही ठरावात आली. "गाव सुधारलं हो आपलं," असं ती येताजाता म्हणायची. आपल्याला वाटतं तेच गावालाही वाटतं, हे सुख फार थोड्यांच्या वाट्याला येतं, आणि ज्यांच्या येतं त्यांना त्याचं कारण शोधावंसं वाटत नाही.

हे निर्णय आता नगरसेवकांचे नव्हते. वॉर्डसभेला खुर्च्या जास्त आणि माणसं कमी, हे वर्षानुवर्षं पाहून सरकारनं शेवटी मतछायेचा कायदा केला होता. प्रत्येक मतदाराची एक छाया. कर, नियम, परवाने, जे काही नगरपंचायतीपुढं येईल त्यावर ती छाया त्याच्या वतीनं मत देणार.

छाया म्हणजे भूत नव्हे. तुम्हाला एकशे साठ प्रश्न विचारले जातात, तुम्ही फोनमध्ये बोलून उत्तरं देता. यंत्र ती पाठ करून ठेवत नाही, त्यांच्यामागचा कल शोधतं. मुरलेला किराणा दुकानदार गिऱ्हाईक पायरी चढतानाच ओळखतो की हा आज साखर नेणार की उगाच भाव विचारून जाणार, त्यातलाच हा प्रकार. हा माणूस सोय बघतो की न्याय, आजचा फायदा की उद्याचा, शेजाऱ्यावर जास्त भरवसा ठेवतो की नियमावर, अशी तीनशे बारीक मापं घेतली की त्या माणसाचा एक ठिकाणा ठरतो, नकाशावर गावाचा असतो तसा. नवा प्रश्न आला की तो त्या ठिकाणावरून कसा दिसेल हे यंत्र ताडतं आणि मत टाकतं. पटलं नाही तर सात दिवसांत फोनवर बोलून मत फिरवता येतं, आणि त्या दुरुस्तीतून छाया शहाणी होत जाते. जो दुरुस्ती करत नाही त्याची छाया पहिल्या दिवशी होती तिथंच बसून राहते. आता कुंभोशीत दुरुस्ती करायला वेळ कुणाला होता?

त्या सोमवारी सकाळी मालन कोष्टी फोन हातात धरून उज्ज्वलाच्या दारात आली, ती चप्पल न काढताच आत.

"उज्जे, हे वाच. माझ्या डोळ्याला काय झालंय का बघ."

मालन रागात असली की 'अक्का'ची 'उज्जे' करायची. दोघी एकाच महिन्यात सुना म्हणून कुंभोशीत आल्या, एकाच नळावर भांडल्या आणि त्याच नळावर मैत्रिणी झाल्या, त्याला आता सव्वीस वर्षं होत आली होती. मालन गुरुवारच्या बाजारात मुख्य रस्त्यावरच्या पिंपरणीच्या झाडाखाली पालेभाजी घेऊन बसते. तिच्याआधी तिथं तिची सासू बसायची. गावात 'पिंपरणीखालची मेथी' एवढं म्हटलं की पुरतं.

उज्ज्वलानं वाचलं. गुरुवारचा बाजार रस्त्यावरून उठवून बायपासपलीकडच्या नव्या संकुलात न्यायचा, गाळा नसलेल्यानं रस्त्यावर बसायचं नाही, बसल्यास माल जप्त. होय, दोन हजार चौदा. नाही, एक हजार आठशे एकसष्ट. हरकतीला सात दिवस.

"बायपासपलीकडं कुत्रं तरी फिरकतंय का?" मालन म्हणाली. "आणि गाळे कुणाला मिळाले, तर ज्यांची आधीच दुकानं हायती त्यांना. म्या मेथी घिऊन कुठं बसू, हायवेच्या मधोमध? दोन हजार माणसं, उज्जे! ह्यातली निम्मी माझ्याकडनं भाजी नेत्यात. तोंडं वळखते म्या त्यांची."

आपलं मत कुठं गेलं असणार हे उज्ज्वलाला ठाऊक होतं. तरी तिनं स्वतःच्या फोनला विचारलं. फोन शांतपणे म्हणाला, "तुमच्या छायेने 'होय' मत दिले आहे. कारण, बाजाराच्या दिवशी रुग्णवाहिकेला वाट मिळत नाही."

खोलीत दोघींनाही एकच गुरुवार आठवला. तीन वर्षांपूर्वी उज्ज्वलाच्या सासूबाईंच्या छातीत कळ आली होती. रुग्णवाहिका पिंपरणीजवळ अकरा मिनिटं अडकून पडली, आणि सासूबाई दवाखान्याच्या दारातच गेल्या. त्या अकरा मिनिटांत मालननं स्वतःच्या टोपल्या लाथेनं पालथ्या करून वाट केली होती. चिखलात तुडवलेली तिची मेथी उज्ज्वलानं गाडीच्या काचेतून पाहिली होती.

मालनचा आवाज उतरला. "तुझं मी समजते, अक्का. काकींसाठी तू होय म्हणलीस. तुझं एक गेलं तर गेलं. पर बाकीची? माझं बघ, माझं तर न्हाईच असणार की."

तिनं तिचा फोन तोंडाजवळ धरला. "तुमच्या छायेने 'होय' मत दिले आहे," फोन म्हणाला. "कारण, बाजाराच्या दिवशी रुग्णवाहिकेला वाट मिळत नाही."

मालननं फोन उलटा करून पाहिला, जणू मागं कुणी बसलंय. "ही कोण बोलतीया? म्या माझाच बाजार उठवला?"

तेव्हा उज्ज्वलाला समाजमंदिर आठवलं.

जिजाई महिला संघाची ती अध्यक्ष. नऊ बचत गट, दोनशे तेरा बाया. संघाचं काम कसं चाले, तर उज्ज्वला बोलायची, बाकीच्या 'व्हय' म्हणायच्या, मग उज्ज्वला ठराव लिहायची आणि खाली सगळ्यांच्या सह्या. यात कुणावर जुलूम नव्हता. उलट कोण किचकट कागद वाचणार, अक्का आहेत ना, असा निवांतपणा होता. मतछायेचे प्रश्न आले तेव्हाही तसंच झालं. पहिलाच प्रश्न असा होता की 'सार्वजनिक हिताच्या अनुषंगाने व्यक्तिगत व्यवसायस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध आपणांस मान्य आहेत काय?' बाया घाबरल्या. उज्ज्वलानं सगळ्यांना समाजमंदिरात बोलावलं, माईक हातात घेतला, प्रश्न वाचला, सोपा करून सांगितला आणि भाबडेपणानं पुढं म्हणाली, "मी तर बाई असं सांगणार." आणि दोनशे बारा बाया आपापल्या फोनमध्ये तसंच बोलल्या. एकशे साठ प्रश्न, चार तास, मधे दोनदा चहा. रुग्णवाहिकेचा प्रश्न त्यातलाच एक होता. सासूबाईंना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि माईकवर उज्ज्वलानं त्या अकरा मिनिटांची सगळी हकिगत सांगितली होती. बायांनी तेही मनापासून म्हटलं.

"मालन," उज्ज्वला म्हणाली, "ही मी बोलतीय. तुझ्या फोनमधनं."

*

नगरपंचायतीच्या मतकक्षात प्रणोती देसाई नावाची अधिकारी होती, तिशीच्या आतबाहेरची, नाकावर चष्मा घसरलेला. उज्ज्वलानं सरळ न सांगता आडवळणानं सुरुवात केली. "मॅडम, समजा एखाद्या बाईनं दुसऱ्या बाईचं ऐकून उत्तरं दिली असतील तर..."

प्रणोतीनं तिच्याकडं जरा वेळ पाहिलं, मग पडदा उघडला. कुंभोशीच्या सगळ्या छाया त्यावर ठिपक्यांसारख्या पसरल्या होत्या, नावं नव्हती, नुसते ठिकाणे. कुठं दाटी, कुठं विरळ. आणि उजवीकडं वर एक ठिपका असा जाड, की पडद्यावर शाई सांडलीय असं वाटावं.

"हा एका जागी दोनशे तेरा छायांचा ठिपका आहे," प्रणोती म्हणाली. "यंत्र आवाज तपासतं. आवाज ज्याचा त्याचाच होता. मत कुणाचं, हे त्याला कसं कळणार? आम्हाला वाटलं, महिला संघात छान एकवाक्यता आहे. वरून अभिनंदनाचं पत्रसुद्धा आलंय." तिलाच हसू आलं आणि तिनं ते आवरलं. "दोन वर्षांत एकसष्ट निर्णय झाले. त्यातले चव्वेचाळीस या एका ठिपक्यानं फिरले."

चव्वेचाळीस. दारूचं दुकान, पाणीपट्टी, स्वच्छतागृहाची चावी. गाव शहाणं झालं नव्हतं, गाव उज्ज्वला झालं होतं. आधी तिला लाज वाटली. मग, खरं सांगायचं तर, आत कुठंतरी गोड वाटलं, की आपण दोन वर्षं गाव चालवलं आणि वाईट नाही चालवलं. आणि त्या गोड वाटण्याची तिला पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटली.

"आता काय होईल?"

"तुम्ही लेखी दिलंत, तर त्या दोनशे तेरा छाया बंद होतील. त्या बायकांना बाजाराचं मत स्वतः देता येईल. दुसऱ्याची उत्तरं सांगणाऱ्या व्यक्तीचा मताचा हक्क दोन वर्षं थांबतो, आणि ते चव्वेचाळीस निर्णय पुन्हा मताला येतात. दुकानाचासुद्धा." प्रणोतीनं चष्मा वर सारला. "आणि बाई, तुम्ही मला सांगितलंत की मला लिहून घ्यावंच लागेल. म्हणून आधी ठरवा आणि मग सांगा. आत्तापर्यंत आपण 'समजा' एवढंच बोललोय."

*

मालनला यातलं एवढंच दिसलं की वाट आहे.

"मग सोपं हाय की!" मंगळवारी ती नळावर म्हणाली. "उद्या बैठक घे. छाया रद्द झाल्या की माईक घे हातात आन सांग, बायांनो, 'न्हाई' म्हणा. दोनशे बाया हायत. नुसतं रद्द करून काय हुतंय? निम्म्या परत होय म्हणल्या तर?"

"आणि मी सांगितलं म्हणून त्या नाही म्हणतील?"

"न म्हणायला काय झालं? तू सांगितल्यावर?"

हेच तर उज्ज्वलाला भ्यायला लावत होतं. "मालन, तोच तर घोळ झालाय. परत तोच करू?"

"तेव्हा माझा बाजार उठवायला केलास. आता वाचवायला कर."

"मला जमणार नाही. आणि खोटं नाही बोलत, मला अजूनही वाटतं रस्ता मोकळा हवा. तुझ्या तोंडावर सांगते."

मालननं भरलेली घागर परत खाली ठेवली. "काकींचा राग माझ्या टोपल्यांवर काढतीयास, उज्जे. सव्वीस वरसं. ठीक हाय." ती निघून गेली. घागर तिथंच राहिली, ती उज्ज्वलानं तिच्या दारात नेऊन ठेवली, पण दार आतून लावलेलं होतं.

घरी रमेशराव, म्हणजे तिचे मालक, एसटीतून निवृत्त झालेले, शेंगा सोलत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "गप बस की," ते म्हणाले. "कुणाला कळणार हाय? दुकान परत आलं शाळेजवळ, तर बाया तुलाच बोलतील. चांगलं झालेलं कशाला मोडतीस?"

ते काही चुकीचं बोलत नव्हते, हाच त्रास होता. गप्प राहिलं तर चव्वेचाळीस बऱ्या गोष्टी टिकत होत्या आणि एक मालन जात होती. तोंड उघडलं तर काय टिकेल याचा भरवसा नव्हता, मालनचासुद्धा. उज्ज्वलानं पुष्कळ वेळ शेंगा सोलल्या. मग तिच्या मनात आलं, की चांगलं काय हे मी एकटीच किती दिवस ठरवणार? दोनशे बारा बायांना दोन वर्षं कुणी विचारलंच नाही, आणि ते त्यांना कळलंसुद्धा नाही. बुधवारी सकाळी ती मतकक्षात गेली आणि लेखी देऊन आली. अक्षर नेहमीसारखं ठळक आलं.

*

समाजमंदिरात त्या दिवशी तिनं माईक लावला नाही. काय झालं ते उभ्यानं सांगितलं, आपलं मत दोन वर्षं गेलं तेही सांगितलं. बायांना राग येईल असं तिला वाटलं होतं. त्या गोंधळल्या.

"मग आता काय म्हणायचं, अक्का?" पुढच्या रांगेतल्या हिराबाईंनी विचारलं.

"ते मला विचारायचं नाही."

"बरं, न्हाई इचारत. पर तुमचं मत असतं, तर तुम्ही काय म्हणला असता?"

बायांत हसू फुटलं, उज्ज्वलाच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "हिरामावशी, मी सांगितलं तर तुम्ही तेच म्हणाल. म्हणून मेले तरी नाही सांगणार."

मत घरून द्यायचं नाही असं बायांनीच ठरवलं, घरी सासरा कान लावून आणि नवरा शेजारी बसून. समाजमंदिरात भांड्यांची खोली होती, जेवणावळीची पातेली आणि पराती ठेवायची. एकेकीनं फोन घेऊन आत जायचं आणि दार लोटायचं, आणि बाकीच्यांनी बाहेर बोलत राहायचं म्हणजे आतलं ऐकू येणार नाही. मधला गुरुवार बाजाराचा म्हणून सोडला, बुधवार आणि शुक्रवार पुरे पडले.

हिराबाई दोन मिनिटांत बाहेर आल्या. "एवढंच? मला वाटलं दुखंल." एक तरुण सून आत वीस मिनिटं होती. संकुलात बायांना लघवीला जागा कुठं आहे, हे ती यंत्राला विचारत बसली होती आणि यंत्राला ते सांगता येईना. एक बाई रडत बाहेर आली, का ते तिनं सांगितलं नाही. काही जणी दारातून परत वळल्या, पुन्हा गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'तुमचं मत काय' विचारून उत्तराची वाट पाहत होतं, आणि ते जड जात होतं.

मालन शुक्रवारी शेवटी आली. उज्ज्वलाकडं न बघता आत गेली. आतून एकदा पातेलं पडल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, पदर सारखा केला आणि निघून गेली.

सोमवारी निकाल लागला. बाजार रस्त्यावरच राहणार, अठ्ठ्याहत्तर मतांनी. प्रणोतीनं उज्ज्वलाला बोलावून पडदा दाखवला. तो जाड ठिपका नव्हता. भांड्यांच्या खोलीत बाया जे बोलल्या त्यावरून नव्यानं मांडलेले दोनशे बारा ठिपके फोडणीत मोहरी उडावी तसे चहूकडं उडाले होते, काही तर गावाच्या दुसऱ्या टोकाला. "बघा," प्रणोती म्हणाली, "या इतक्या होत्या." दारूच्या दुकानाचं मत पुढच्या महिन्यात होतं आणि त्यात उज्ज्वलाला मत नव्हतं. दोन वर्षांत प्रथमच गाव तिच्या मनासारखं वागलं नव्हतं. मालनची जागा वाचली याचा तिला आनंद झाला, आणि सासूबाईंच्या आठवणीनं काळजाला टोचलंही. दोन्ही खरं होतं.

गुरुवारी ती पिशवी घेऊन बाजारात गेली. स्टँडच्या कोपऱ्यावर पाऊल थबकलं. रस्त्यावर पांढऱ्याशुभ्र दोन रेघा होत्या, स्टँडपासून थेट दवाखान्याच्या वळणापर्यंत. रेघांच्या बाहेर टोपल्या, ताडपत्र्या, तराजू, सगळी दाटी. रेघांच्या मधे मोकळा रस्ता, एक मोठी गाडी आरामात जाईल एवढा. आणि पिंपरणीजवळ मालन उकिडवी बसून डब्यातली चुन्याची फक्की ओतत होती. हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. पोरं क्रिकेटच्या मैदानाला आखतात तीच फक्की.

"वांग्याची टोपली मागं घे गं, सुमन! रेघ काय शोभेला हाय?" ती ओरडली आणि मग तिला उज्ज्वला दिसली.

उज्ज्वला पिंपरणीपर्यंत चालत आली.

"त्या खोलीत म्या फोनला इचारलं," मालन खाली बघतच म्हणाली. "काकींना वाट मिळाली असती तर त्या जगल्या असत्या का. त्यो म्हणला, मला माहीत नाही." तिनं डबा खाली ठेवला. "तुला एक सांगितलं न्हाई म्या कधी. गाडी आली तवा टोपल्या म्या लाथाडल्या, ते सगळ्यांनी बघितलं. पर त्याच्या आधी म्या गवारीची टोपली उचलून भिंतीकडंला नेऊन ठेवली. सांडू नये म्हणून. ताजी गवार हुती. तेवढा उशीर माझा हाय, अक्का. म्हणून त्या फोननं जे कारण सांगितलं, ते तुझं ऐकून म्या म्हणलं असलं तरी माझंबी हुतं."

उज्ज्वला पिशवीसकट तिथंच खाली बसली. तीन वर्षं ती काचेतून दिसलेली मेथी आठवून मालनचे उपकार मानत आली होती, आणि मालन तीन वर्षं एक गवारीची टोपली वागवत होती. तिनं मालनचा पांढरा हात धरला. फक्की तिच्याही हाताला लागली.

"मग 'नाही' म्हणालीस ना आत?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाई म्हणले, बाजार हितंच. पर त्याला सांगितलं, वाट आम्ही सोडतो. त्यो म्हणला, असा पर्याय नाही. म्हणलं, नसू दे, आम्ही फक्की मारतो." मालननं नाक ओढलं आणि डोळे दंडाला पुसले, त्यामुळं गालावर पांढरा पट्टा उमटला. "बरं, ऊठ. रेघंवर बसलीयास. काय नेणार?"

"काय चांगलं आहे आज?"

"ते तुझं तू ठरीव," मालन म्हणाली.

उज्ज्वला रेघेबाहेर सरकली आणि मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघू लागली.